आडवाटा, धबधबे आणि भाड्याची मोटारसायकल : कोथरूडच्या एका दुकानाचा अनुभव

माझ्याकडे स्कूटर आहे. पुण्यातल्या कर्वे रस्त्यावरचे खड्डे ती कसेबसे सोसते, परंतु वेल्ह्याच्या पलीकडे भर पावसात तिला नेणे हा तिच्यावर आणि माझ्या पाठीवरही अन्याय झाला असता. म्हणून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, शनिवार-रविवारची गर्दी टाळून मंगळवार आणि बुधवार असे दोन दिवस, कोथरूडमधील एका दुकानातून मोटारसायकल भाड्याने घेतली आणि एकटीनेच मढे घाट व पवन मावळाच्या बाजूचे रस्ते पाहून आले. दुकानाचे नाव येथे देत नाही. जे खटकले ते मालकांना समक्ष सांगून झाले आहे, आणि ती उणीव अशी आहे की ती याच एका दुकानापुरती असेल असे मला वाटत नाही.

प्रथम कागदपत्रांविषयी, कारण गाडी भाड्याने घेताना सर्वाधिक फसगत तेथेच होते. दुचाकी भाड्याने देण्यासाठी केंद्र सरकारची १९९७ सालची योजना आहे, तीनुसार परवाना घ्यावा लागतो, आणि अशा गाडीची नंबरपाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात देऊ केली, तर अपघातानंतर विम्याचा प्रश्न उभा राहतो आणि वाचवलेले दोनशे-तीनशे रुपये फार महागात पडतात. या दुकानातील सर्व गाड्या काळ्या पाटीच्या होत्या. नोंदणी, विमा आणि पीयूसी यांच्या प्रती एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून दिल्या, गाडीवरच्या जुन्या ओरखड्यांचे माझ्यासमोर चित्रण केले आणि ते तेव्हाच माझ्या फोनवर पाठवले. भाडे दिवसाला १३०० रुपये, अनामत ३००० रुपये, हेल्मेट त्यातच. दर स्वस्त नाही, पण वाजवी आहे.

त्याहून मला आवडली ती मालकांची विचारपूस. ‘ताई, सोबत कोण आहे?’ हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, ‘कुठल्या रस्त्याने जाणार?’ असे विचारले. मी मनात रॉयल एनफिल्डची हिमालयन धरून गेले होते. चारशे अकरा सीसीची ती गाडी घाटात भारदस्त वाटते आणि तिची बैठकही माझ्या उंचीला सोयीची आहे. मालक म्हणाले, ‘घेऊन जा, चांगली गाडी आहे. पण ती एकशे नव्व्याण्णव किलोची आहे. केळद गावाच्या पुढे चिखलात आडवी झाली, तर उचलायला कोण येणार?’ आणि मग त्यांनी हिरोची एक्सपल्स २०० दाखवली. तिचे वजन सुमारे १५८ किलो आहे. त्यांनी दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत ती हळूच आडवी केली आणि मला एकटीला उचलून दाखवायला सांगितले. पहिल्या खेपेस जमले नाही. पाठ गाडीकडे करून, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची कॅरियर धरून पायांच्या जोरावर कशी उठवायची हे त्यांनी समजावल्यावर दुसऱ्या खेपेस जमले. या दहा मिनिटांचे वेगळे पैसे त्यांनी मागितले असते, तरी मी आनंदाने दिले असते.

गाडीविषयी थोडक्यात सांगायचे तर पुढचे चाक एकवीस इंचांचे, मागचे अठरा इंचांचे, जमिनीपासूनची उंची २२० मिलिमीटर आणि टाकी तेरा लिटरची. खड्डा चुकवण्यासाठी रस्ताभर नागमोडी फिरावे लागत नाही, हा स्कूटरवरून आलेल्या माणसाला मोठाच साक्षात्कार असतो. बैठक मात्र ८२५ मिलिमीटर उंच आहे. पाच फूट तीन इंचांच्या बाईचे दोन्ही पाय एकाच वेळी पूर्ण टेकत नाहीत, त्यामुळे थांबण्यापूर्वी डावीकडची जमीन कशी आहे हे बघण्याची सवय लावून घ्यावी लागते. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबताना चाक अडकू न देणारी यंत्रणा, केवळ पुढच्या चाकाला आहे. शेवाळलेल्या फरशी पुलावर मागचा ब्रेक जोरात दाबला की मागचे चाक सरकते, हे पाबे घाटाच्या आधीच कळले, ते बरे झाले.

वेल्ह्याला जायला बहुतेक लोक महामार्गाने नसरापूरपर्यंत जाऊन चेलाडी फाट्याला वळतात. मी खडकवासल्याहून खानापूरला गेले आणि तेथून डावीकडे रांजण्याच्या रस्त्याने पाबे घाट चढले. या बाजूने सिंहगड पाठीशी राहतो आणि खिंडीत पोहोचताच तोरणा व राजगड समोर येतात. अर्थात त्या दिवशी समोर आले ते फक्त ढग, आणि त्या ढगांच्या फटीतून अधूनमधून तोरण्याचा एखादा काळा कडा. वेल्ह्याच्या पुढे गुंजवणी धरणाच्या पाण्याकाठाने जाणारा रस्ता हा या दोन दिवसांतील सर्वांत सुंदर भाग होता. भातखाचरांत आवणी चालली होती. काही बायकांच्या पाठीवर अजून इरली होती, बहुतेकींच्या अंगावर निळे प्लास्टिक होते. डोंगरावरून उतरणारे पाणी मोरीत मावत नसल्याने ठिकठिकाणी रस्त्यावरूनच वाहत होते. अशा जागी खाली उतरून आधी पायाने खोली पाहावी आणि मगच गाडी घालावी, ही सूचनाही दुकानातच मिळाली होती.

मढे घाटाचा लक्ष्मी धबधबा केळदच्या पठारावरून थेट कोकणात कोसळतो, त्यामुळे तो खालून नव्हे तर माथ्यावरून पाहावा लागतो. येथे सह्याद्री एकदम तुटतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक रचलेले कड्यात दिसतात, आणि समुद्राकडून येणारा वारा त्या कड्यावर आपटून वर चढतो, तेव्हा पडणाऱ्या पाण्याचा काही भाग तुषार होऊन पुन्हा आपल्या तोंडावर येतो. फेब्रुवारी १६७० मध्ये सिंहगड जिंकताना धारातीर्थी पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेने त्यांच्या गावी, उमरठ्याला नेला आणि त्यावरून घाटाला मढे हे नाव पडले, असे परंपरेने सांगतात. सकाळी सिंहगडाच्या पायथ्याजवळून निघून दुपारी त्या कड्यावर उभे राहिल्यावर, मोटारसायकलवर मला साडेतीन तास लागलेली ही वाट खांद्यावर पालखी घेऊन चिखलातून तुडवणे म्हणजे काय असेल, याचा विचार केल्यावाचून राहवले नाही. कड्याच्या टोकाशी जाऊन चित्रे काढण्याचा मोह मात्र आवरावा. लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने पावसाळी पर्यटनस्थळांवर मनाईचे आदेश काढले. आपण जाणार त्या ठिकाणी असा आदेश लागू आहे का, हे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे लिहायला बसले ती गोष्ट. परतताना पासली गावाच्या अलीकडे मागचे चाक डगमगू लागले. उतरून पाहिले तर टायरमध्ये बैलाच्या पत्रीचा, म्हणजे नालाचा, खिळा. दुकानाने बैठकीखाली दुरुस्तीचा एक नीटनेटका संच ठेवला होता आणि निघताना मला तो कौतुकाने दाखवलाही होता. तो उघडला, तेव्हा त्यात चिकट वाती, त्या टोचायची दाभणासारखी हत्यारे आणि हवेचा छोटा पंप निघाला. हा संच ट्यूबलेस टायरचा आहे. एक्सपल्सची चाके तारांची आणि टायर ट्यूबचे आहेत. त्यात वाती कितीही टोचल्या तरी हवा आतल्या ट्यूबमधून जातच राहणार. पंक्चर काढायचे तर चाक उतरवून टायर रिमवरून सोडवावा लागतो, आणि त्यासाठी लागणारा मोठा पाना, टायर उचकटायच्या पट्ट्या व जादा ट्यूब यांपैकी एकही वस्तू संचात नव्हती. फोनला रेंज नव्हती. ‘रस्त्यात मदत’ म्हणून पाकिटावर छापलेला क्रमांक त्या वेळी फार ठळक अक्षरांत छापलेला वाटला.

हवा गेलेल्या टायरवर बसून गाडी चालवली तर रिम वाकते, म्हणून ती ढकलत अर्धा-पाऊण तास चालले. नंतर दुधाचे कॅन घेऊन वेल्ह्याकडे निघालेला एक टेम्पो थांबला. चालक, त्याचा साथीदार, खाचरातून आलेला एक तरुण आणि मी, अशा चौघांनी गाडी उचलून कॅनांच्या मध्ये उभी केली. हिमालयन असती तर काय झाले असते, हे मालकांनी सकाळीच सांगून ठेवले होते! वेल्ह्याच्या पंक्चरवाल्यांनी चाक खोलले, ट्यूबला दोन छिद्रे पडलेली दाखवली आणि म्हणाले, ‘ताई, अठरा इंची चाकाची रुंद ट्यूब इकडं कुणी ठेवत नाही, ठिगळावरच जावं लागंल.’ ठिगळ उत्तम बसले होते; पुढे घरापर्यंत आणि दुसरा संपूर्ण दिवसही हवा तसूभर कमी झाली नाही. परंतु छिद्राऐवजी ट्यूब फाटली असती, तर ती रात्र मला वेल्ह्यातच काढावी लागली असती, आणि नवी ट्यूब पुण्याहून येईपर्यंत गाडी तेथेच उभी राहिली असती.

वेल्ह्यातून दुकानात फोन केला. मालकांनी तो पहिल्याच घंटीला उचलला, गाडीची चौकशी करण्याआधी माझी केली आणि हवी तर जीप पाठवतो म्हणाले, हेही नमूद केले पाहिजे. त्यांची नियत चांगली आहे, यात मला शंका नाही. मात्र दुकानाच्या मदतीची सगळी आखणी शहरात आणि महामार्गावर बंद पडणाऱ्या गाडीसाठी आहे, आणि तेच दुकान गाडी भाड्याने देते कशासाठी, तर आडवाटांसाठी. भिंतीवरची सगळी छायाचित्रे धबधब्यांची आणि चिखलाची आहेत. दोघे-तिघे असतील तर एकाने पुढे जाऊन मदत आणावी, दुसऱ्याने गाडीपाशी थांबावे. एकट्या माणसाला बैठकीखाली जे आहे तेवढ्यावरच भागवावे लागते. त्यामुळे अशा प्रवासासाठी गाडी घेणाऱ्याने इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी बैठक उघडून, टायर कोणत्या प्रकारचा आहे आणि संच त्याच प्रकारचा आहे का, हे पाहावे. मी पाहिले नव्हते, ही चूक माझीही आहे.

दुसऱ्या दिवसाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ताम्हिणी घाटाला आता आडवाट म्हणणे धाडसाचे होईल, म्हणून पौडहून मुळशीकडे न जाता कोळवणच्या खोऱ्यात शिरले आणि जवण, तिकोना करत पवना धरणापर्यंत जाऊन आले. रस्ता बराचसा चांगला, धबधबे लहान आणि बिननावाचे, बुधवार असल्याने माणसे तुरळक. तिकोन्याच्या पायथ्याशी एका घराच्या पडवीत मिळालेली पिठले-भाकरी आणि ओली मिरची एवढीच नोंद करते.

बुधवारी संध्याकाळी गाडी परत केली. टेम्पोवाल्यांनी पैसे घेतले नव्हते. पंक्चरचे दीडशे रुपये मालकांनी पावती न मागता परत केले आणि संचाची चूक कोणतीही सबब न सांगता मान्य केली. पूर्वीची गाडी ट्यूबलेसची होती, तिचाच संच या गाडीत आला, असे त्यांनी सांगितले. माझ्यासमोर त्यांनी मागच्या खोलीतून दोन पट्ट्या आणि एक ट्यूब काढून बैठकीखाली ठेवली. पाना मात्र सापडला नाही, तो दुसऱ्या दिवशी आणतो म्हणाले. अनामत रक्कम रात्री नऊच्या आत खात्यावर जमा झाली, तीही पूर्ण नाही. चिखल धुण्याचे दोनशे रुपये कापले होते, आणि मढे घाटाला निघाले आहे हे मी त्यांना सोमवारीच सांगितले होते.