मॅरोपिटंट: उलट्या खरंच थांबतात, पण आधी पोट तपासून घ्या

माझी कुत्री टॉफी १२ किलोची आहे. रात्री २ पासून सकाळपर्यंत तिने ५ वेळा उलटी केली, आधी दोनदा खाल्लेलं पडलं मग नुसता पिवळा फेस, दर वेळी आधी ओठ चाटायची, मग फरशी चाटत सुटायची, पोट आतबाहेर व्हायला लागायचं आणि सगळं झालं की कोपऱ्यात मान खाली घालून उभी. पाणी प्यायली की तेही बाहेर. जीव नुसता टांगणीला लागला होता.

दवाखान्यात तिला मॅरोपिटंट या उलटी थांबवणाऱ्या औषधाचं इंजेक्शन दिलं, सेरेनिया नावाने मिळतं तेच हे. पण त्याआधी डॉक्टरांनी जे केलं ते आधी सांगते. ओठ वर करून हिरडी दाबून बघितली, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली (लगेच जागेवर बसली नाही म्हणजे अंगात पाणी कमी झालंय), मग दोन्ही हातांनी सावकाश पोट चाचपलं आणि विचारलं, घरातलं काही गायब आहे का? तेव्हा आठवलं, एक सॉक्स दोन दिवसांपासून सापडत नव्हता. मग एक्सरे, आणि कापड एक्सरेत दर वेळी दिसतंच असं नाही म्हणून सोनोग्राफी पण. काही अडकलेलं नव्हतं, मगच सुई.

हे इतकं सांगतेय कारण हे औषध फार जोरदार आहे. मेंदूत जिथून उलटीचा हुकूम सुटतो तिथले एनके-१ रिसेप्टर (म्हणजे तो निरोप पकडणाऱ्या जागा) ते अडवतं, त्यामुळे पोटात बिघाड असो नाहीतर रक्तातून काही त्रास होत असो, उलटी थांबते. आतड्यात सॉक्स असता तरी उलट्या कमी झाल्या असत्या, आम्ही हुश्श करून घरी आलो असतो आणि आत अडकलेलं तसंच राहिलं असतं. याआधी एका ठिकाणी टॉफीला हात न लावता उलटीचं इंजेक्शन टोचलं होतं, तेव्हा कळलं नाही, आता विचार केला तरी पोटात गोळा येतो. मेटोक्लोप्रमाइड हे उलटीवरचं दुसरं औषध तर पोट आणि वरच्या आतड्याची हालचाल वाढवतं, म्हणजे अडथळा असेल तर अजूनच धोका.

इंजेक्शन झोंबतं, टॉफी किंचाळलीच. फ्रिजमधलं गार औषध कमी झोंबतं, आधी सांगून बघा. पण गुण म्हणाल तर तासाभरात ओठ चाटणं बंद झालं आणि घरी येऊन ती चक्क झोपली, एका डोसचा असर साधारण २४ तास राहतो. दुसऱ्या दिवसापासून २४ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून एकदा, म्हणजे किलोला २ मिलिग्रॅम. मी गोळी चीजमध्ये घट्ट गुंडाळणार होते, डॉक्टर नको म्हणाले, स्निग्ध पदार्थात दाबून भरली की विरघळायला वेळ लागतो, थोड्याशा खाण्याबरोबर द्या. तशी दिली, टिकली.

जुलाब मात्र याने थांबत नाहीत, ती अपेक्षाच ठेवू नका. टॉफीची शी आणखी तीन दिवस पातळच होती, त्यासाठी प्रोबायोटिक, कातडीखाली सलाईन आणि उकडलेलं चिकन नि मऊ भात थोडा थोडा. अँटिबायोटिक दिलं नाही, आधी मला ते खटकलं होतं, पण साध्या जुलाबांना बहुतेक वेळा त्याची गरज नसते. आणि प्लीज घरातल्या आपल्या गोळ्या देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, किडनी पण जाऊ शकते, आणि जुलाबाची लोपरामाइड कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांना एका जीनमुळे थेट मेंदूवर चढते.

गाडी लागणाऱ्या कुत्र्यांना पण हीच गोळी देतात, पण तिथे डोस किलोला ८ मिलिग्रॅम, म्हणजे चौपट, आणि निघायच्या निदान दोन तास आधी. त्यामुळे एका कामासाठी आणलेली उरलेली गोळी अंदाजाने दुसऱ्या कामाला देऊ नका, आणि लिव्हरचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

माझ्याकडून ५ पैकी साडेचार, अर्धा त्या झोंबण्याचा कापला. चौथ्या दिवशी टॉफीने वाटी चाटून पुसून साफ केली. सॉक्स वॉशिंग मशीनच्या मागे सापडला, तरी तपासण्या केल्या याचं मला एक क्षणही वाईट वाटलं नाही.