कुरसुरा पाणबुडी संग्रहालय, विशाखापट्टणम : कॅप्टन सामंतांसाठी केलेली एक वारी

विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर वाळूत कायमची विसावलेली ‘कुरसुरा’ पाणबुडी पाहायला बहुतेक कुटुंबे मुलांच्या हौसेखातर जातात. आम्ही गेलो ते कॅप्टन मोहन नारायणराव सामंत यांच्यासाठी. १९७१ मध्ये नौदलाच्या गुप्त कमांडो मोहिमेची धुरा वाहून महावीरचक्र मिळवणारे सामंत मुळात पाणबुडीवरचे अधिकारी. ४ सप्टेंबर १९६९ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत संघातील रीगा बंदरात नौदलात दाखल झालेल्या ‘करंज’चे ते पहिले कप्तान. उरणजवळच्या करंजा बेटाचे नाव मिरवणारी ती पाणबुडी २००३ मध्ये निवृत्त झाली. कुरसुरा मात्र तिच्याच वर्गातली, १९६९ च्याच डिसेंबरमध्ये रीगातच दाखल झालेली, आणि २००२ पासून लोकांसाठी खुली आहे. सामंतांची घडण समजून घ्यायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

९१ मीटर लांबी ऐकून आत ऐसपैस जागा असेल असे वाटते. प्रत्यक्षात पंच्याहत्तरेक माणसे पाणतीरांच्या (टॉर्पेडोंच्या) कुशीत फळ्या टाकून झोपत, आणि एका कक्षातून दुसऱ्यात जाताना गोल दारातून आधी एक पाय, मग डोके, मग उरलेला देह असा क्रम पाळावा लागतो. माझ्या उंच भावाने तो एकदाच चुकवला. माहिती सांगणारे गृहस्थ निवृत्त नौसैनिक होते. त्यांनी डोळे मिटून भिंतीवरच्या एका झडपेचे चाक अचूक पकडून दाखवले आणि अंधारात प्रत्येक चाक असे हाताला लागलेच पाहिजे, असे सांगितले. तिकिटाचे पैसे माझ्या मते तिथेच वसूल झाले.

कारण सामंतांचे पुढचे सारे काम अंधारातलेच होते. फ्रान्समधील तुलाँ येथे पाकिस्तानी पाणबुडी ‘मांग्रो’ सोडून निघालेले आठ बंगाली नौसैनिक भारतात पोहोचले आणि सामंतांच्या त्या गुप्त मोहिमेसाठी प्लासीजवळ भागीरथीच्या काठी, बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीच्या पाणसुरुंग लावणाऱ्या जवानांची छावणी उभी राहिली. छातीला लिम्पेट सुरुंग (जहाजाच्या तळाला चिकटवायचे स्फोटक) बांधून रात्री पोहण्याचा सराव करणाऱ्या या तरुणांनी १५ ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज ही तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातली बंदरे एकाच वेळी हादरवली. डिसेंबरमध्ये सामंत स्वतः चार नौका घेऊन मोंगलामार्गे खुलन्यावर चालून गेले. त्यांतल्या ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ या मूळच्या कलकत्ता बंदराच्या नौका १० डिसेंबरला आपल्याच विमानांच्या गैरसमजुतीच्या माऱ्याला बळी पडल्या. तरीही गोळीबारात पाण्यातली माणसे उचलत सामंतांनी ‘पनवेल’ लढती ठेवली. (नौकेचे नावही आपल्याकडचेच!)

कुरसुरा ही अर्थातच त्यांची पाणबुडी नव्हे, त्यामुळे ही कथा आधी वाचून गेलात तरच भेटीला रंग चढेल. सोमवारी संग्रहालय बंद असते. गुडघे कुरकुरत असतील तर आत जाण्याचा हट्ट धरू नये, आणि दुपारी गेलात तर घामाची तयारी ठेवावी. रस्त्यापलीकडचे टीयू-१४२ हे नौदलाचे निवृत्त टेहळणी विमान वेळ असेल तरच पाहावे. याच किनाऱ्यावरचे १९७१ च्या नौदल विजयाचे स्मारक मात्र चुकवू नये. आम्ही तिथे दिवे लागेपर्यंत बसलो होतो.