नोव्हाल्युरॉन 10 ईसी: हरभऱ्याचा एक हंगाम वापरून

हे घाटे अळीवरचं कीटकनाशक (10 ईसी म्हणजे पाण्यात मिसळणारं 10 टक्क्यांचं द्रावण). आधी बाटलीच्या मापाच्या टोपणाची तक्रार. खुणा 10 आणि 20 मिलीच्या, आणि 16 लिटरच्या पंपाला लागतात 24 मिली (हरभऱ्याला एकरी 300 मिली, पाणी 200 लिटर). वरचे चार अंदाजाने ओतताना आठ पडले तर एकरात 50 मिली फुकट, म्हणजे मात्रेचा सहावा हिस्सा. औषध काय स्वस्त आहे? सुई काढलेली 10 मिलीची सिरिंज वापरा, टोपणाच्या नादी लागू नका.

पहिल्या दोन दिवसांवर तारे द्यायचे तर पाचपैकी दोनच दिले असते. घाटे अळी आरामात खात असते, आणि दुकानदार लगेच दुसरी बाटली पुढे करतो. ती घेऊ नका. हे औषध नसांवर काम करत नाही. अळीच्या कातडीला बळकटी देणारं कायटिन तयार होणं ते अडवतं, आणि जुन्या कातडीवर त्याचा परिणाम दिसत नाही. त्यामुळे नुकतीच कात टाकलेली अळी पुढची कात येईपर्यंत खात राहते. कात टाकायची वेळ आली की नवी कातडी पातळ निघते, जुनी फाडायला जोर पुरत नाही, डोक्याचं जुनं कवच तोंडावर अडकतं, अंगातलं पाणी बाहेर येतं आणि अळी काळी पडते. म्हणून तिसऱ्या ते पाचव्या दिवशी मोजा. मेलेल्या अळ्यांपेक्षा नवे कुरतडलेले घाटे किती, ते बघा.

हे कळल्यावर मत बदललं, आता चार तारे. पाचवा नाही, कारण मोठ्या अळीवर हे तोकडं पडतं. ती डोकं घाट्यात खुपसून बसते, औषध पोटात जायला पाहिजे तेवढं जात नाही, आणि कात टाकायच्या वेळाही थोड्याच उरलेल्या असतात. आमच्या अथणी-चिकोडीच्या (कर्नाटक) काळ्या रानात फुलं लागताना मीटरभर ओळीत एक-दोन बारक्या अळ्या दिसल्या की फवारा. झाडात हे भिनत नाही. थेंब न पडलेला भाग आणि नंतर आलेला शेंडा उघडाच राहतो, म्हणून पाणी कमी करून फवारणी उरकू नका.

दुसऱ्या फवारणीला ल्युफेन्युरॉन घेतलं तर नाव बदललं, काम तेच: दोन्ही गट 15 (कीटकनाशक किडीवर कसं काम करतं, त्यावरून हे गट पाडलेत). मेथॉक्सीफेनोझाइडचा गट 18. ते कात टाकायचा हुकूम अवेळीच देतं, अळी काही तासांत खाणं सोडते. घाई असणाऱ्यांनी ते बघावं, फक्त हरभऱ्यासाठी लेबलवर आहे का, ते तपासून.

खेकड्याचं कवचही कायटिनचंच. पंप घटप्रभेच्या कालव्यात किंवा ओढ्यात धुऊ नका. शेजारी तुती असेल तर वारा बघून मारा, रेशीम अळीलाही कात टाकावी लागते. लेबलवर कन्नड मजकूर इतका बारीक की रयत संपर्क केंद्रातून (कर्नाटकच्या कृषी खात्याचं शेतकऱ्यांसाठीचं केंद्र) मात्रा विचारून घेणंच सोपं.