ई-संजीवनी ओपीडी: गरोदर बाईच्या तपासणीला किती पुरते?

टाळेबंदी लागल्यावर काही दिवसांतच, १३ एप्रिल २०२० ला, केंद्र सरकारने ई-संजीवनी ओपीडी सुरू केली. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने ती तयार केली आहे. पैसे लागत नाहीत, डॉक्टर घरबसल्या व्हिडिओवर भेटतात. २५ मार्चला टेलिमेडिसिनची नियमावली निघाली होती, त्यामुळे दुरून औषध लिहून देण्याला स्पष्ट चौकट मिळाली. स्त्रीरोगतज्ज्ञांना याची गरज सगळ्यात जास्त होती. गुडघ्याचं ऑपरेशन सहा महिने पुढे ढकलता येतं, छत्तिसावा आठवडा ढकलता येत नाही. मुंबईत नायर रुग्णालय कोविडसाठी राखलं गेलं आणि बाधित मातांची बाळंतपणं तिथे होऊ लागली. बाकीच्या ठिकाणी पीपीई चढवून एकेक बाळंतपण करायचं आणि बाहेर ओपीडीत गर्दी होऊ द्यायची नाही, अशी दुहेरी कसरत होती.

वापरायला सेवा सोपी आहे. मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी यायचा, माहिती भरून टोकन घ्यायचं, रांगेत थांबायचं. बोलणं संपलं की औषधांची चिठ्ठी फोनवर उतरवून घेता येते. जुने रिपोर्ट आधीच अपलोड करावेत. कागद खिडकीजवळ सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून, नाव आणि तारीख दिसेल असा पूर्ण पानाचा फोटो काढावा. नुसत्या आकड्यांवर झूम केलेला फोटो डॉक्टरच्या उपयोगाचा नसतो, कारण रिपोर्ट कुणाचा आणि कधीचा हेच त्यातून कळत नाही.

जुन्या, निदान झालेल्या दुखण्यासाठी ही सेवा उत्तम आहे. थायरॉइडचा रिपोर्ट दाखवून डोस ठरवणं, पीसीओएसचा (अंडाशयाचा, पाळी अनियमित करणारा विकार) पाठपुरावा, लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ झालं तर काय करायचं, ती गोळी चहासोबत का घ्यायची नाही, कॅल्शियमच्या गोळीत आणि तिच्यात दोन तासांचं अंतर का हवं, हे सगळं व्हिडिओवर नीट होतं. ‘छाया’ ही गर्भनिरोधक गोळी चुकली असेल तरी तेच. आठवण होताच घ्यायची, सात दिवसांच्या आतली चूक असेल तर ठरलेलं वेळापत्रक चालू ठेवून पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरायचा; त्याहून जास्त दिवस गेले तर पहिल्यापासून, म्हणजे आठवड्यातून दोनदा तीन महिने. एवढ्यासाठी दवाखान्यात रांग लावायचं कारण नाही. एस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी मात्र बीपी मोजल्याशिवाय सुरू करू नये.

गरोदरपणात खरी अडचण येते ती बीपीची. कॅमेरा बीपी मोजत नाही, म्हणून घरचं यंत्र लागतं आणि घरचं माप बहुतेक वेळा कफमुळे, म्हणजे दंडाला गुंडाळायच्या पट्ट्यामुळे चुकतं. दंडाचा घेर टेपने मोजावा. साधा कफ साधारण २२ ते ३२ सेंटिमीटरच्या दंडासाठी असतो. दंड त्याहून जाड असेल तर माप खोटं जास्त येतं, आणि बाई विनाकारण घाबरते. कफ ब्लाउजच्या बाहीवरून बांधू नये, बाही घट्ट वर गुंडाळूही नये. पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला, पाच मिनिटं गप्प बसून मग बटण दाबायचं. आधीचा अर्धा तास चहा नको. १४०/९० किंवा जास्त आलं तर चार तासांनी पुन्हा मोजायचं, पण त्याच दिवशी डॉक्टरला कळवायचं. १६०/११० आलं तर टोकन घेत बसायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं. माप बरं असूनही डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे काजवे येत असतील, छातीखाली उजवीकडे दुखत असेल तरीही जायचं. काही डिजिटल यंत्रं गरोदरपणातल्या वाढत्या बीपीत कमी आकडा दाखवतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावर विसंबणं धोक्याचं.

पोटाची उंची, बाळाची आडवी-उभी स्थिती, ठोके आणि रक्तक्षय यांची तपासणीही व्हिडिओवर होत नाही. ट्यूबलाइटखाली पापणी ओढून दाखवली तरी हिमोग्लोबिनचा अंदाज लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून गरोदरपणात आठ भेटी सांगते. महामारीत डॉक्टरांनी प्रत्यक्ष भेटी साधारण १२, २०, २८ आणि ३६ आठवड्यांना ठेवून मधलं बोलणं फोनवर नेलं, आणि एका फेरीत जमेल तेवढं उरकलं. आम्हाला ही पद्धत पटते, मात्र या चारांतली एकही फेरी गाळायची नाही. २८ व्या आठवड्याच्या फेरीत साखरेची तपासणी बसते: उपाशी असण्याची अट नाही, ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात, पाच-दहा मिनिटांत पिऊन दोन तासांनी एकदा रक्त. १४० किंवा जास्त म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी. रक्तगट निगेटिव्ह असेल आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह, तर अँटिबॉडीची तपासणी करून अँटी-डीचं (आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ नयेत म्हणून द्यायचं) इंजेक्शनही याच फेरीत घ्यावं. हे नेमकं फोनवरच्या भेटींत विसरलं जातं, कारण बाईला काही त्रास होत नसतो.

पाळी चुकली आहे आणि ओटीपोटात एका बाजूला दुखतंय, चक्कर येतेय, तर व्हिडिओ नकोच. गर्भ नळीत असू शकतो. पाळी बंद झाल्यानंतर वर्षाने पुन्हा रक्त दिसलं तरी प्रत्यक्षच दाखवावं. गर्भपाताच्या गोळ्यांची चिठ्ठी इथे मागू नये. दिवस किती गेलेत आणि गर्भ पिशवीतच आहे ना, हे पाहिल्याशिवाय त्या देणं जिवावर बेतू शकतं, आणि कायदाही तशी मोकळीक देत नाही.

बाळाच्या हालचालीबद्दल डॉक्टरने विचारण्याची पद्धत महत्त्वाची. “बाळ हलतंय ना?” याला उत्तर कायम “हो” असतं. “शेवटचं कधी हललं, कालच्यापेक्षा कमी वाटतं का?” असं विचारावं. कमी वाटत असेल तर डाव्या कुशीवर झोपून मोजायचं. दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत तर त्याच दिवशी रुग्णालयात.

सेवेचं सगळ्यात दुबळं अंग एकांत. घरात एकच स्मार्टफोन, तोही नवऱ्याचा, आणि सासूबाई शेजारी बसलेल्या. अंगावरून पांढरं जाणं, संबंधाच्या वेळी दुखणं, मारहाण यांबद्दल अशा वेळी बाई बोलत नाही. इअरफोन लावायला सांगून डॉक्टरने फक्त “हो-नाही” उत्तराचे प्रश्न विचारले तर बरंच कळतं. तेही जमत नसेल तर चिठ्ठीवर “प्रत्यक्ष तपासणी आवश्यक” असं लिहून जवळच्या आरोग्य केंद्रात बोलावणं हाच मार्ग.

पाठपुराव्यासाठी पाचपैकी चार गुण, गरोदरपणासाठी दोन. कॉल जोडला की पहिल्याच वाक्यात शेवटच्या पाळीची तारीख, कितवा आठवडा, आजचं बीपी आणि रक्तगट सांगावा. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी हाताशी ठेवावी, कारण तारीख तिच्यावरूनच पक्की होते.