वारंवार लघवी: आधी सोनोग्राफी की आधी तीन दिवसांची नोंद?

दिवसा दहा-बारा खेपा, रात्री दोन-तीनदा झोपमोड, आणि आता एकदाचं तपासून घ्यायचं ठरलंय. समोर दोन वाटा आहेत. थेट पोटाची सोनोग्राफी करायची, किंवा आधी तीन दिवस घरी लघवी मोजून लिहायची आणि सोबत लघवीची साधी तपासणी व रक्तातली साखर करून घ्यायची. पुढे कदाचित दोन्ही लागतील. प्रश्न पहिली कुठली, एवढाच.

सोनोग्राफीचं पारडं हलकं नाही. खडा, मूत्रपिंडाला आलेली सूज, मूत्राशयातली मोठी गाठ, प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) आकार, लघवी करून आल्यावर आत उरलेलं प्रमाण, हे सगळं एका बैठकीत कळतं. कंबरेतून जांघेकडे कळ येत असेल तर तीच आधी करावी, त्यात वाद नाही.

अडतं ते 'ब्लॅडर भरून या' या सूचनेपाशी. ज्याला वीस मिनिटं दम धरवत नाही, त्याला लिटरभर पाणी पाजून बाकावर बसवतात. नंबर येईपर्यंत मूत्राशय तुडुंब होतं. जास्त ताणलेला स्नायू नीट आकसत नाही, त्यात बाहेर दार वाजवणारे. घाईत अर्धवट लघवी करून माणूस परत टेबलावर येतो आणि शिल्लक दीडशे मिली निघते. एरवी पन्नासच्या आत असेल तर ती ठीक मानतात. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाच्या अहवालात याच्या जोडीला 'प्रोस्टेट ग्रेड वन' (म्हणजे ग्रंथी थोडी वाढलेली) असं आलं की घर काळजीत पडतं. वास्तविक प्रोस्टेटचा आकार आणि त्रास यांचा मेळ बसेलच असं नाही. 25 ग्रॅमची छळते, 60 ग्रॅमची निमूट राहते, असंही होतं. शिवाय साखर, जंतुसंसर्ग, अतिचंचल (फारसं न भरताही अचानक घाई लावणारं) मूत्राशय, रात्री जास्त तयार होणारी लघवी, म्हणजे रोज भेटणारी बहुतेक कारणं, सोनोग्राफीत एक तर दिसत नाहीत किंवा खात्रीने सांगता येत नाहीत.

नोंदीला लागतो तो मिलीच्या खुणा असलेला अर्ध्या लिटरचा प्लास्टिकचा मग. रकाने चार: वेळ, किती झाली, काय आणि किती प्यालात, घाई किंवा गळती झाली का. तीन दिवस सलग नसले तरी चालतील, पण एक सुट्टीचा असावा. पाणी मुद्दाम कमी करू नका, नाहीतर नोंद खोटी पडते. एक चूक हमखास होते. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी दिवसाच्या खात्यात लिहिली जाते. ती रात्रभरात साठलेली असते, म्हणून रात्रीच्याच बेरजेत धरायची.

मग आकडे बोलू लागतात. चोवीस तासांची बेरीज तीन लिटरच्या वर आणि दर वेळी मग बराच भरतोय, तर दोष मूत्राशयाचा नसण्याची शक्यता जास्त. लघवीच जास्त तयार होतेय. रक्तातली साखर साधारण 180च्या पुढे गेली की ती लघवीत उतरते आणि पाणी ओढून नेते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या हेच मुद्दाम घडवतात, त्यामुळे त्या घेणाऱ्याच्या लघवीत साखर दिसली तर दचकू नये. याउलट बेरीज दीड लिटर, पण दर खेपेला जेमतेम शंभर मिली, तर संसर्ग, मूत्राशयाच्या तोंडाशी अडकलेला खडा, अतिचंचल मूत्राशय किंवा पूर्ण रिकामं न होणं, असा शोध घ्यावा. जुनी बद्धकोष्ठताही यात भर घालते. रात्रीची बेरीज एकूणच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त असेल तर, विशेषतः उतारवयात, पायांवरची सूज (ॲम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीने येते तीसुद्धा), संध्याकाळी घेतलेली लघवी वाढवणारी गोळी किंवा घोरताना श्वास अडकणं, ही कारणं डॉक्टरांशी बोलावीत. अशा वेळी प्रोस्टेटच्या गोळीने फारसं हाती लागत नाही.

पाळी चुकली असेल तर आधी गरोदरपणाची चाचणी. जळजळ असेल तर 'उन्हाळी लागली' म्हणून आठवडाभर धण्याच्या पाण्यावर काढू नका. सुरुवातीची धार सोडून मधली लघवी स्वच्छ डबीत घ्या, तासाभरात लॅबला पोचवा. कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) करायचं असेल तर नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधीच द्यायचा.

मात्र काही बाबतीत वहीही नको आणि वाट पाहणंही नको. थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं. लघवी पूर्ण अडून ओटीपोट फुगणं. खूप तहान, उलट्या आणि गुंगी. कंबरदुखीसोबत पायांत अशक्तपणा किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, शेवटच्या दोन्हींत तर तासही महत्त्वाचे. लघवीतून रक्त एकदाच दिसलं, दुखलंही नाही, तरी मूत्ररोगतज्ज्ञाकडे जायचंच. तिथे सोनोग्राफीलाही पर्याय नाही. कारण नसताना वजन उतरतंय, किंवा अंथरूण ओलं करणं सुटलेलं मूल पुन्हा करू लागलंय, तर त्याच दिवशी साखर बघा.

बाकीच्यांनी, निदान माझ्या मते, तीन दिवस मगाला द्यावेत. त्यानंतर सोनोग्राफी लागलीच तर केंद्रावर आधीच सांगा की फार थांबवत नाही. नेहमीइतकी लागली की लगेच आत घ्यायला सांगा, नंतर शांतपणे, दोन टप्प्यांत, म्हणजे एकदा करून थोडं थांबून पुन्हा, लघवी करा. तरीही शिल्लक जास्त आली तर औषध सुरू करण्याआधी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून घ्या.