बॉडी किटच्या नावाखाली माझे २,२८,५०० रुपये गेले, तुमचे वाचवा

रक्कम आधी सांगतो, कारण लोक पहिला प्रश्न तोच विचारतात. किट (म्हणजे गाडीला बाहेरून लावायचे शोभेचे भाग), फिटिंग आणि रंगकाम मिळून २,२८,५०० रुपये. त्यानंतर किट बसवणाऱ्याने गाडीची जी वाट लावली ती निस्तरायला कोल्हापूरच्या डेंटरला ७१,३०० रुपये, ते वेगळे. गाडी सेकंडहँड मस्टँग. बोटीवर इंजिनरूममध्ये उन्हाळा-पावसाळा न बघता काढलेल्या नोकरीतून घेतलेली. "कोकणातल्या रस्त्यांवर असली गाडी कशाला" हे ज्यांना म्हणायचंय त्यांनी म्हणून घ्यावं. हौस माझी आणि पैसेही माझे. म्हणून कुणाला मला लुबाडायचा परवाना मिळत नाही.

मुंबई-गोवा महामार्गाला लागून त्याची शेड आहे. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. माणूस बोलायला गोड. शेडमध्ये दोन महागड्या गाड्या उभ्या, भिंतीवर झालेल्या कामांचे फोटो. मी पण तोंड बघून पैसे दिलेले नाहीत. ओळखीच्या दोघांनी त्याच्याकडे बंपर रंगवले होते आणि ते काम चांगलं होतं. बंपर रंगवणारा किटही नीट बसवेल असंच कोणालाही वाटलं असतं.

अंदाजपत्रक असं: फ्रंट लिप (पुढच्या बंपरखालची पट्टी), साइड स्कर्ट (दारांखालच्या पट्ट्या) आणि चार चाकांवरच्या फ्लेअर (कमानी), सगळं बाहेरून मागवलेलं पीयू म्हणजे पॉलियुरेथेन प्लास्टिकचं, १,१८,००० रुपये. मागचा डिफ्यूजर (बंपरखालचा भाग) आणि स्पॉयलर (डिकीवरची पट्टी) अस्सल कार्बन फायबरचे, ६४,००० रुपये. फिटिंग आणि टू-के पीयू रंग (हार्डनर मिसळून मारायचा), वर क्लिअर कोट, ४६,५०० रुपये. हे सगळं लेटरपॅडवर, वर जीएसटी नंबर छापलेला. पुढे तो नंबर सरकारी पोर्टलवर टाकून बघितला तर भलत्याच धंद्याच्या नावावर निघाला. एक मिनिटाचं काम आहे. पंधरा अक्षरं टाकायची, मालकाचं नाव समोर येतं. पैसे देण्याआधी टाका, नंतर नाही.

आगाऊ १,४०,००० मागितले. यूपीआयची दिवसाची मर्यादा म्हणून आधी १,००,००० आणि दुसऱ्या दिवशी ४०,००० पाठवले. खातं त्याच्या मेहुण्याचं होतं. "दादा, माझ्या खात्याला लिमिट लागलीय" म्हणाला. दुकान एकाच्या नावावर आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यात, एवढंच दिसलं तरी पाय मागे घ्या.

आता जो प्रसंग आठवून मला अजून रात्री झोप लागत नाही तो. माल आला म्हणून त्याने बोलावलं. सगळे भाग बाकावर मांडलेले, पण करड्या प्रायमरमध्ये. मी विचारलं, कंपनीचा माल प्रायमर मारून कसा आला? "आपला वेळ वाचावा म्हणून आधीच मारून घेतला." मी साइड स्कर्ट उचलला, कडेवरून हात फिरवला, वाकवून बघायला गेलो तर त्याने पटकन हातातून घेतला. प्रायमर ओला आहे म्हणाला. शेडमध्ये रेझिनचा वास भरला होता, पण रंगाच्या शेडमध्ये वास असणारच. आणि परत येताना गाडीत तळहाताला खाज सुटली. रात्री जेवतानाही हात खाजत होता. बायको म्हणाली, कशाला हात लावलास?

काचेला लावला होता. फायबरग्लासच्या कापलेल्या कडेतून काचेचे बारीक तंतू निघतात, ते कातडीत शिरतात आणि खाज सुटते. पीयू प्लास्टिकमध्ये काच नसते. लिप, स्कर्ट, फ्लेअर, सगळं कुठल्या तरी साच्यातून काढलेलं स्वस्त फायबर होतं आणि ते लपवायलाच प्रायमर मारला होता. इंजिनरूममध्ये जुन्या पाइपांची लॅगिंग (उष्णता अडवणारं वेष्टण) सोडवताना हीच खाज मी कितीदा अनुभवली आहे! ती ओळखायला माझ्याइतका लायक माणूस त्या शेडमध्ये दुसरा नव्हता. पण घरी आपण डोकं कामावर ठेवून बसतो का? चार दिवसांनी बोटीवर जॉइनिंग होतं, मेडिकल, कागदपत्रं, सामान यांची धावपळ चालू होती. त्याच बाकावर मी ६०,००० रोख मोजून दिले. माझी जाण्याची तारीख त्याला पक्की ठाऊक होती. मी असेपर्यंत त्याने फिटिंगला हात लावला नाही.

लक्षात ठेवा: पीयूची पट्टी अंगठ्याने दाबली की वाकते आणि सोडली की पुन्हा सरळ होते. फायबर ताठ असतं आणि नखाने ठोकलं की कडक, पोकळ आवाज येतो. माल प्रायमरमध्ये दाखवला तर घेऊ नका. कार्बन असेल तर भाग उलटा करा. खऱ्या कार्बनची वीण कापलेल्या कडेतही दिसते. पाण्यावरच्या छापील फिल्ममध्ये बुडवून काढलेला भाग, मला मिळाला तसा, कोपऱ्यावर बघा, चौकटी ताणून वाकड्या झालेल्या असतात.

मी बोटीवर गेलो. फोटो येत राहिले. तिकडे नेट किती मिळतं ते बोटीवाल्यांना माहीत आहे, फोटो धूसर उघडायचे. त्यातले दोन तर माझ्या गाडीचे नव्हतेच, अलॉय वेगळे होते. काम झाल्यावर धाकट्या भावाने उरलेले २८,५०० देऊन गाडी घरी आणली. भावाला दोष नाही. संध्याकाळच्या उजेडात, नुकती बफ केलेली गाडी कुणालाही चकचकीतच दिसते. एक गोष्ट त्याने सहज सांगितली: भाग टेपने चिकटवल्या दिवशीच गाडी प्रेशरच्या पाण्याने धुऊन दिली. अहो, ॲक्रिलिक फोम टेपला पूर्ण पकड धरायला ७२ तास लागतात!

मी परतलो तो पावसाळ्यात. हातखंब्याच्या उताराला पुढच्या लिपचं एक टोक सुटून रस्त्याला घासायला लागलं. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत ओरडला म्हणून समजलं. तेच ताशी ऐंशीला सुटून मागच्या दुचाकीवर गेलं असतं तर?

कोल्हापूरला गाडी जॅकवर घेतली तेव्हा सगळं उघडं पडलं. टेपखालचा पृष्ठभाग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसलाच नव्हता, जुन्या पॉलिशचं मेण तसंच. टेपवर भरवसा नाही म्हणून साइड स्कर्ट साध्या लोखंडी स्क्रूंनी सिलमध्ये (दारांखालच्या पोकळ पत्र्यात) ठोकलेले. भोकांना ना प्रायमर, ना सीलंट, ना आतून मेणाचा फवारा. समुद्रावरची खारी हवा आणि पावसाचं पाणी थेट पोकळ सिलच्या आत. गंज खाली ओघळला होता. या मॉडेलचे पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे आहेत आणि फ्लेअर त्यांच्यावरही तेच लोखंडी स्क्रू मारून बसवलेले. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल, म्हणजे ॲल्युमिनियम खाल्लं जाणारच. बोटीवर यासाठी आम्ही झिंकचे तुकडे लावतो. स्क्रूभोवती पांढरी भुकटी आणि रंगाला फोड आले होते.

रंगही खोटा. डेंटरने फडक्यावर थिनर घेऊन स्कर्टच्या आतल्या कडेला घासला, फडकं करडं झालं. टू-के रंग पूर्ण वाळला की थिनरने असा उतरत नाही, हा साधा, स्वस्त एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग होता. शिवाय साच्यातून काढताना लावलेलं मेण धुतलंच नव्हतं, त्यामुळे नखाने पापुद्रे निघत होते. गाडी ताब्यात घेताना स्वतःच्या खिशात फडकं आणि थिनर घेऊन जा, आणि दिसत नसलेल्या कडेलाच घासा.

आता सरकारी दारं. पहिल्या ठाण्यात सांगितलं, शेड आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्यात सांगितलं, पैसे तुमच्या गावातून पाठवलेत, तिकडे जा. पुन्हा पहिल्यात गेलो तर "हे दिवाणी प्रकरण आहे, वकील बघा." पीयू सांगून फायबर देणं, कार्बन सांगून छापील फिल्म देणं, खोटा जीएसटी नंबर छापणं हे दिवाणी? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे ना? हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवून घ्यायची तरतूद आहे, हे मी म्हटल्यावर साहेबांचा आवाज चढला. म्हणे, गाडीत बदल करायची परवानगी घेतली होती का? मोटार वाहन कायद्याचं कलम १८२अ दाखवलं, प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. लुटला गेलेला मी आणि आरोपीच्या बाकावर बसवलं मलाच! ज्याचा धंदाच हे भाग बसवण्याचा आहे, त्याच्या शेडवर महामार्गावरून रोज जाणाऱ्या एकाही अधिकाऱ्याची नजर कशी जात नाही? अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोचेसाठी दुपारपर्यंत बसवलं आणि मग शिक्का मारणारा माणूस जेवायला गेला. बँकेने एका ओळीत उत्तर पाठवलं, व्यवहार तुम्हीच मंजूर केला आहे. विमा कंपनीला विचारलं तर बदल आधी कळवला नव्हता म्हणून अपघात झाला असता तर दावा अडला असता, एवढं ज्ञान मिळालं.

शेवटी अर्ज पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवला. पोच मिळते ती पोस्टाची. ठाण्यात दाद मिळाली नाही तर हेच करा, पावती जपून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारही केली. एका वकिलाने ३५,००० फी सांगितली होती, पण वकील लागतोच असं नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. काढलेला प्रत्येक भाग, स्क्रू आणि टेपचे तुकडे मी पोत्यात भरून ठेवलेत. डेंटरकडून गाडी उघडताना व्हिडिओ काढून लेखी अहवाल घेतलाय. तुम्हीही भाग फेकू नका, "बदलून देतो" म्हणाला तरी त्याच्या हातात परत देऊ नका.

परवा तिथून गेलो. शेड चालू आहे, फक्त पाटी नव्या नावाची आहे आणि आत एक लाल गाडी जॅकवर होती. ती ज्याची असेल त्याने उरलेले पैसे देण्याआधी स्कर्ट सोडवून सिल दाखवायला सांगावं. नाही म्हणाला, तर आहे तशी गाडी तिथून बाहेर काढावी.