वेट ट्रेनिंगसोबत कार्डिओ: चालायचं, सायकल मारायची, पळायचं की एचआयआयटी?

‘कार्डिओ केला की साइज (म्हणजे कमावलेला स्नायू) उतरते’ हे वाक्य जवळपास प्रत्येक जिममध्ये ऐकू येतं. ते मनावर घेणारी पोरं वर्षभर ट्रेडमिलकडे फिरकत नाहीत. मग बॉडीबिल्डिंगची स्पर्धा दोन महिन्यांवर आली की सकाळ-संध्याकाळ तासतासभर धावतात, जेवण अर्ध्यावर आणतात आणि मांड्या सुकल्या की दोष कार्डिओला देतात. माझं मत स्पष्ट आहे: बॉडीबिल्डिंग करणाऱ्याने बाराही महिने कार्डिओ करावा. ठरवायचं ते एवढंच, की कोणता, किती आणि लेग डेच्या, म्हणजे पायांची वजनं मारायच्या दिवसाच्या, किती जवळ.

ती भीती मात्र हवेतून आलेली नाही. अमेरिकी संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये तीन गटांवर दहा आठवडे प्रयोग केला. एक गट फक्त वजनं उचलत होता, दुसरा फक्त दमसासाचा व्यायाम करत होता आणि तिसरा दोन्ही. तिसऱ्या गटाची ताकद सात-आठ आठवडे वाढली आणि शेवटी घसरायला लागली. पण त्या गटाचं वेळापत्रक बघा: आठवड्यातून पाच दिवस पायांची वजनं आणि सहा दिवस ४० मिनिटं जोरात सायकल किंवा धावणं. एवढा मारा सोसून पायांना सावरायला वेळच उरत नाही. शरीरातलं कारणही माहीत आहे. पेशीतलं इंधन आटलं की एएमपीके हे एन्झाइम सक्रिय होतं आणि स्नायू बांधणारी एमटॉरची यंत्रणा मंदावते. तरीही पुढच्या अनेक अभ्यासांचा २०२२ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा दोन्ही व्यायाम एकत्र केल्याने स्नायूंची वाढ किंवा कमाल ताकद खुंटते असं दिसलं नाही. फटका बसला तो झटक्याच्या ताकदीला, म्हणजे उडी आणि स्प्रिंटला, आणि तोही मुख्यतः दोन्ही व्यायाम एकाच सत्रात केले तेव्हा. स्टेजवर उभं राहणाऱ्याला त्याची फारशी झळ नाही.

चार पर्याय

माझी पहिली पसंती ट्रेडमिलच्या चढावर चालण्याला. ७५ किलोच्या माणसाने ताशी ५ किलोमीटर वेगाने सपाटीवर अर्धा तास चाललं तर साधारण १३० कॅलरी खर्च होतात. तोच वेग ठेवून इन्क्लाइन, म्हणजे पट्ट्याचा चढ, १० टक्के केलं, तर हा आकडा ३०० च्या आसपास जातो. सांध्यांवर आदळआपट नाही आणि दुसऱ्या दिवशी मांड्या दुखत नाहीत. अट एकच, समोरचा दांडा धरायचा नाही. दांड्याला लटकून चालणाऱ्याचं बरंच वजन हातांवर जातं, आणि स्क्रीनवरच्या कॅलरी तेवढ्या खोट्या ठरतात. सवय नसेल तर ४-५ टक्क्यांपासून सुरुवात करा. बोलताना वाक्य पूर्ण करता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागला की वेग बरोबर आहे. मशीन नसेल तर पर्वतीच्या पायऱ्यांसारखा चढ उत्तम.

सायकल दुसऱ्या क्रमांकावर. पेडल मारताना स्नायू फक्त आकुंचन पावत जोर लावतो. ताणला जात असताना त्याला भार पेलावा लागत नाही, म्हणून सायकलनंतर अंग कमी दुखतं. दोन्हींची तुलना करणाऱ्या २०१२ च्या एका आढाव्यातही वजनांच्या प्रगतीला धावण्याने अडथळा केलेला दिसला, सायकलने तेवढा नाही. स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन मारायच्या बैठका) केल्या त्याच दिवशी मात्र जड रेझिस्टन्स लावू नका. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी आणि ९०-१०० किलोच्या गड्यांनी चढापेक्षा सायकलच घ्यावी.

धावण्यात प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीएवढा जोर जमिनीवर पडतो आणि तो मांड्या, पोटऱ्या ताणल्या जात असताना झेलतात. सिंहगड चढताना दम लागतो, पण मांड्या भरून येतात त्या उतरल्यावर, त्याचं कारण हेच. पळणं मनापासून आवडत असेल तर सोडू नका. आठवड्यातून दोनदा, २०-२५ मिनिटं, लेग डेच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी नको. केवळ चरबी घटवण्यासाठी पळत असाल, तर त्याहून स्वस्तात काम होतं.

एचआयआयटीचं, म्हणजे थोडा वेळ जोरात आणि मध्ये विश्रांती अशा व्यायामाचं, आकर्षण वेळेचं. ३० सेकंद जीव खाऊन, मग विश्रांती, आणि १५ मिनिटांत मोकळे. व्यायामानंतरही तासन्‌तास चरबी जळत राहते असं सांगितलं जातं. तो परिणाम खरा आहे, पण छोटा. चरबी घटण्यात एचआयआयटी आणि संथ कार्डिओ जवळपास सारखेच ठरतात. खरा एचआयआयटी म्हणजे पायांचा आणखी एक वर्कआउट. ज्याचे पाय आठवड्यातून दोनदा स्क्वॉटखाली जातात, त्याला तो परवडत नाही. वेळच नसेल तर आठवड्यातून एकदा, सायकलवर.

केव्हा करायचा

वजनांच्या आधी पाच-दहा मिनिटं अंग गरम करण्यापुरतंच. आधी अर्धा तास पळून मग बारबेलखाली जाणाऱ्याचे शेवटचे सेट पडतात, आणि वाढ व्हायची ती त्याच सेटमध्ये. वजनांनंतर २०-३० मिनिटं चालणं बहुतेकांना पुरतं. सकाळी कार्डिओ आणि संध्याकाळी वजनं, मध्ये सहा तासांचं अंतर, हे सर्वांत चांगलं. पण नोकरी आणि लोकलचा प्रवास सांभाळून ते जमलं नाही म्हणून कार्डिओच सोडायचं कारण नाही.

उपाशीपोटी केला तर जास्त चरबी जाते, ही समजूत फार घट्ट बसली आहे. २०१४ मध्ये २० तरुणींवर झालेल्या चार आठवड्यांच्या अभ्यासात आहार सारखा ठेवल्यावर उपाशी आणि खाऊन करणाऱ्यांत फरक पडला नाही. सोयीचं असेल ते करा. प्लॅस्टिकचं जॅकेट घालून धावणं मात्र थांबवा. त्यात जातं ते पाणी, आणि उन्हाळ्यात ते जिवावर बेतू शकतं.

तुमच्यासाठी कोणता

सडपातळ असाल आणि बल्किंग, म्हणजे जास्त खाऊन वजन वाढवणं, चालू असेल, तर आठवड्यातून तीनदा २०-२५ मिनिटं चाला आणि खर्च झालेल्या कॅलरी भरून काढा. दोन पोळ्या आणि ग्लासभर दूध एवढाच तो हिशेब आहे. नवीन असाल आणि पोट सुटलेलं असेल, तर रोजचं चालणं वाढवा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तिथवर आधी पोहोचा. कटिंगमध्ये, म्हणजे चरबी उतरवताना, कार्डिओ एकदम तासावर नेऊ नका. आधी आहारातून थोडं कमी करा, वजन अडलं की दर वेळी दहा मिनिटं वाढवा. शरीराच्या दर किलोमागे १.६ ते २.२ ग्रॅम प्रोटीन ठेवा आणि जड वजनं सोडू नका. साइज उतरते ती उपासमारीने आणि हलक्या वजनांनी.

स्टिरॉइड घेणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं, कारण ही मुलं आपल्याच जिममधली असतात. या औषधांनी चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, रक्तदाब चढतो, हृदयाची भिंत जाड होऊ शकते. कार्डिओ हे नुकसान पुसून टाकत नाही. ‘मी रोज चालतो’ म्हणून निर्धास्त राहू नका. डॉक्टरांना काय घेता ते खरं सांगा, रक्तदाब, लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी) आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या.

स्पर्धेच्या शेवटच्या आठवड्यात कार्डिओ वाढवून काही हाती लागत नाही. चरबी उतरायची ती तोवर उतरलेली असते. पायांना आराम द्या, चालणं हलकं ठेवा आणि वाचलेला वेळ पोझिंगला द्या. एकेक पोझ ताणून धरत पंधरा मिनिटं सलग सराव केलात, तर दम त्यातही चांगलाच लागतो.